साखळी तुटली तो रविवार

आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून मी प्रार्थना करतो, असं आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना वाटायचं. तो हात मी कधीच ठेवला नाही. बोटभर वर धरायचो. ज्याच्यासाठी प्रार्थना चालली आहे त्याचे डोळे मिटलेले असतात, बरोबर आलेल्यांचेही मिटलेले असतात, त्यामुळे हे कोणाच्या लक्षात येत नाही. मला घामाची, तापाची, तेलकट उशीची किळस होती, आणि किळसेपेक्षा भीती जास्त होती. दवाखान्यातून घरी आलो की कुठेही न लागलेला तो हात मी साबणाने चोळून धुवायचो. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. माझी बायको शीला हिलाही नाही. ती माहेरी कौतुकाने सांगायची, हे फार स्वच्छतेचे आहेत.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. ती मनोहर भालेरावची. मी आजारी असताना मंडळी मला भेटायला आली, आणि प्रार्थना चालू असताना मनोहर मधूनच उठून गेला. त्यामुळे त्याचं दीकन होणं राहिलं. दीकन म्हणजे मंडळीत गरीब, आजारी, अडलेले यांची सेवा बघणारा माणूस. मनोहर का उठून गेला हे मला माहीत होतं. मी बोललो नाही.

हे लिहितोय ते आज कुठेतरी खाटेवर पडलेल्या माणसासाठी, आणि त्याहून जास्त त्याला भेटायला निघालेल्यांसाठी. औषधांची नावं मी सांगणार नाही. ती डॉक्टर सांगतील.

एक चप्पल

मी मूळचा जालन्याकडचा. सुरतेत कतारगामला एका लूमच्या कारखान्यात मेहताजी, म्हणजे हिशेब लिहिणारा. आमची मराठी मंडळी लहान. गुजराती मंडळीची उपासना आटोपली की त्यांचंच देऊळ, म्हणजे चर्च, आम्हांला दुपारपर्यंत मिळायचं. बाक गरम असायचे आणि फुलंही त्यांचीच. मी मंडळीचा निवडून दिलेला वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक, होतो आणि आजाऱ्यांच्या भेटींचं खातं माझ्याकडे होतं.

दुखणं पाठीतून सुरू झालं. दिवसभर गादीवर बसून मान मोडणाऱ्याची पाठ दुखायचीच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. शीलाने निलगिरीचं तेल चोळलं. शेठने आपल्या ओळखीच्या हाडवैद्याकडे पाठवलं. तो काही वेळ माझ्या पाठीवर उभा राहिला आणि उतरून म्हणाला, आता बरं वाटेल. त्याला वाटलं असावं. मग पाय जड झाले. आणि एका रविवारी मी उपासनेला एकाच चपलेत पोचलो. दुसरी वाटेत कुठे गळली, ते पायाला समजलंच नव्हतं.

शास्त्रवाचनासाठी पुढे गेलो तेव्हा उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. फार भला माणूस, सगळ्यांत चांगलंच बघणारा. त्यांना वाटलं, देवासमोर उभं राहायचं म्हणून मी मुद्दाम चप्पल काढली आहे.

"साळवे, भाव चांगला आहे," ते माझ्या कानाशी म्हणाले, "पण मग दुसरीही काढा."

मी दुसरी काढायला वाकलो आणि तिथेच खाली बसलो. उठता येईना. सगळ्यांना वाटलं, मी गुडघे टेकले. दोघातिघांनी माझं बघून टेकले. पुढच्या बाकावरून शीला दातांतून म्हणाली, "अहो, उठा की आता. पुरे झालं."

तेव्हा दाराजवळच्या शेवटच्या बाकावरून मनोहर आला. इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारा, काळासावळा, अंगापिंडाने दांडगा, बोलायला महाकंजूष. त्याने काही विचारलं नाही. काखेत हात घालून मला उचललं आणि बाहेर रिक्षात नेऊन बसवलं. पुढच्या आठवड्यात त्याने माझी हरवलेली चप्पलही आणून दिली. कुठे सापडली विचारलं तर म्हणाला, "पडली होती."

गॅप

दवाखाना एका ट्रस्टचा होता. तरुण डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला आणि माझ्याऐवजी शीलाशी हिंदीत बोलू लागले, कारण माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना भरवसा वाटला नसावा. मणक्याचा टीबी. लगेच भरती व्हायचं. पाठीवर सपाट पडून राहायचं, बसायचंसुद्धा नाही.

"पण हे खोकत तर नाहीत," शीला म्हणाली. तिच्या आवाजात जरा तक्रार होती, जणू मी कामात कुचराई केली.

"खाँसीवाला फेफड़े का होता है, बहन. ये हड्डी का है. किसी को लगेगा नहीं."

"आणि चालायला?"

डॉक्टर म्हणाले, "देखेंगे."

शीला पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली, सोडत राहिली. बाहेर येऊन ती पहिलं वाक्य बोलायच्या आत मी म्हणालो, "मंडळीत सांगायचं, मणक्यात गॅप आहे."

"अहो, पण डॉक्टरांनी सांगितलं ना, लागत नाही म्हणून?"

"डॉक्टरांनी तुला सांगितलं. लोक डॉक्टरांना विचारायला येणार नाहीत."

मी असं का म्हणालो ते मला पक्कं ठाऊक होतं. लोक कसे वागतील याचा अंदाज मी स्वतःवरून बांधत होतो. माझ्याही डोक्यावर हात बोटभर वर धरला गेला असता.

शीलाने गॅप निभावला. ती घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम करायची. आता दवाखान्यात माझ्या पायाशी बसून लेस लावू लागली, आणि येईल त्याला गॅपची माहिती देऊ लागली. कोणाच्या मेव्हण्यालाही गॅप होता, कोणी भेस्तानच्या मालिशवाल्याचा पत्ता दिला. एका दुपारी ती सुई थांबवून म्हणाली, "लोकांना सांगताना मी गॅप म्हणते. प्रार्थनेत देवाला सांगताना काय म्हणू, तेवढं सांगा."

मी भिंतीकडे तोंड फिरवायला गेलो. तेवढीही वळायची परवानगी नव्हती, म्हणून नुसते डोळे मिटले.

उखाजीची बँक

शेजारच्या खाटेवर उखाजी होते. धुळ्याकडचे, खानदेशी, रंगाईच्या मिलमध्ये आयुष्य गेलेलं. मांडीचं हाड मोडलं होतं आणि पाय वजन लावून टांगलेला. आमच्या रांगेत लघवीची भांडी माणसांपेक्षा कमी होती, आणि त्यातलं एक उखाजींच्या खाटेखाली कायम असायचं. वॉर्डबॉय ते धुऊन पुन्हा त्यांच्याकडेच ठेवायचा. ते आम्हांला उसनं द्यायचे आणि वापरून झालं की लगेच परत मागायचे. सगळी रांग त्याला उखाजीची बँक म्हणायची.

पहिल्या दिवशी मला ते जमेना. आडवं पडून, चादरीखाली, शेजारी माणसं असताना. चाळिशी ओलांडलेला, मंडळीचा वडील, आणि भांडं धरून नुसता पडलेला. उखाजी थोडा वेळ थांबले. मग लहान पोराला करतात तसा तोंडाने 'शूऽऽ' आवाज काढला. पलीकडच्या खाटेवरच्याने साथ दिली. हळूहळू सगळी रांग 'शूऽऽ' करू लागली. सिस्टर धावत आली, तिला वाटलं ऑक्सिजनची नळी फुटली. मला त्या दिवशी रडू आलं, हसू आलं, आणि बाकीचंही आलं.

गोळ्या सुरू झाल्या आणि भांड्यात केशरी पाणी दिसलं. मला वाटलं, रक्त. संपलं. शीलाला हाक मारायला तोंड उघडलं. उखाजींनी मान लांब करून भांड्यात पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"भो, हाऊ रंग तं आमनी मिलमा बी बनत नही," ते म्हणाले. "घाबरू नका. दवाईना रंग शे तो." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "पक्का शे का कच्चा, कोन जाने."

हे विनोदाचं झालं. बाकीचा वेळ विनोदाचा नव्हता. पायाला डॉक्टर टोचायचे आणि विचारायचे, कळतंय? मी कधी हो म्हणायचो, कधी नाही, आणि दोन्ही वेळा अंदाजाने. वर पंखा फिरायचा. त्या पंख्याकडे बघताना मला एक माणूस आठवायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका दवाखान्यात, आमच्या रविवारच्या भेटीत, तो मला म्हणाला होता, "साहेब, जरा भांडं देता का?" भांडं माझ्या पायाशीच होतं. मी म्हणालो होतो, "आधी प्रार्थना करू." आणि केली. चांगली लांब केली. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा तो भिंतीकडे बघत होता आणि चादर ओली होती. मी सिस्टरला सांगितलं, यांची चादर बदला, आणि पुढच्या खाटेकडे गेलो.

तो रविवार

साखळी प्रार्थना आमच्या मंडळीत मीच रुजवली होती. गोल उभं राहायचं, एकाने प्रार्थना करायची, त्याची संपली की शेजारच्याने उचलायची, असं फिरत फिरत शेवटी पाळकांनी आमेन करायचं. नियमही माझेच. डोळे उघडायचे नाहीत, जागा सोडायची नाही, आपली पाळी चुकवायची नाही. "साखळी तुटता कामा नये," हे मी दर वेळी बजावायचो. एकदा एका बाईंच्या कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन भात करपला, पण साखळी तुटली नाही. हे उदाहरण मी नंतर पुष्कळ दिवस देत असे.

त्या रविवारी दुपारी शीला आंघोळीला आणि तयार साड्या पोचवायला घरी गेली होती, आणि मंडळी आली. पाळकसाहेब, बंधू आवळे, त्यांच्या पत्नी, मंडळीतल्या आणखी दोन बहिणी, आणि मागे पिशवी धरून मनोहर. आवळे कापड बाजारात दलाली करायचे. त्यांनी शहाळी आणली होती. "गॅपला उत्तम," ते म्हणाले. मला एक पाजलं. मी नको म्हणत असताना दुसरं पाजलं. मग पाळकसाहेब म्हणाले, "साळवे, तुमच्याच पद्धतीने करू या. साखळी."

खाटेभोवती कडं झालं. पाळकसाहेब डोक्याशी. सगळ्यांचे डोळे मिटले. पाळकसाहेबांचा हात माझ्या कपाळावर टेकला, हे मला अजून आठवतं. खरोखर टेकला. गरम होता.

सुरुवात आवळ्यांनी केली. "हे प्रभू, तुझ्या कृपेचे पाट आमच्या या भावावर वाहू दे." त्यांची संपली, तर त्यांच्या पत्नींनी आशीर्वादाची वृष्टी मागितली, ती सुद्धा मुसळधार. मग एका बहिणीने खडकातून फुटलेल्या झऱ्याची आठवण काढली. आमच्या प्रार्थनांत एवढं पाणी असतं हे तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. शहाळी आत येऊन पोचली होती. गोळ्या सुरू झाल्यापासून तसाही मला दम निघत नसे.

मी बोलू शकलो असतो. "थांबा, मला भांडं द्या," इतकं सोपं होतं. पण मी साखळीवाला साळवे होतो, आणि समोर बायका होत्या. मी चादर मुठीत धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून, एका वाक्यात प्रार्थना केली: प्रभू, यांना आवरतं घ्यायला लाव.

आणि डोळे उघडले. समोर पायाशी मनोहर उभा होता आणि त्याचे डोळे सताड उघडे होते. तो माझ्या मुठीकडे बघत होता. मग तोंडाकडे. मी काही खूण केली नाही. करायची गरज पडली नाही.

उखाजींचे डोळेही उघडेच होते. ते आपले तमाशाला बसल्यासारखे बघत होते. मनोहरने त्यांच्याकडे पाहिलं. उखाजींनी खाली हात घालून बँक उघडली आणि भांडं त्याच्या हातात दिलं. मनोहरने ते चादरीखाली सरकवलं आणि नीट धरलं. धरायलाच हवं होतं, माझ्या मुठी चादरीवरून सुटत नव्हत्या.

भांडं पत्र्याचं होतं. पहिला आवाज झाला आणि मनोहर मोठ्याने खोकला. आवाज थांबेना, तसा त्याचा खोकलाही थांबेना. एकट्याने भागेना म्हणून पलीकडून उखाजी खोकू लागले. खोकून दमले तेव्हा त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी खणखणीत आवाजात "आमेन" म्हटलं. पाळकसाहेबांच्या मिटल्या डोळ्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. परधर्मी माणूस आमेन म्हणतोय. त्यांनी दुसऱ्या बहिणीची पाळी यायच्या आत मधेच आपली एक जादा प्रार्थना घातली, उखाजींसाठी. उखाजी दर वाक्याला आमेन म्हणत राहिले, आणि त्या आडोशाला माझं काम पार पडलं.

मनोहरने भांडं बाहेर काढलं, खाटेवरचा पेपर त्यावर झाकला, आणि कड्यातून निघून वॉर्डच्या टोकाच्या संडासाकडे गेला.

मग त्याची पाळी आली.

साखळी थांबली. सगळे डोळे मिटून वाट बघत उभे. मनोहर तसाही आपल्या पाळीला फक्त "आमेन" एवढंच म्हणायचा, म्हणून लोक त्या आमेनची वाट बघत होते. ते येईना. आवळ्यांनी घसा खाकरला. शेवटी पाळकसाहेबांनी डोळे उघडले, मग सगळ्यांनी उघडले, आणि मनोहरच्या जागी मोकळी फरशी होती.

तो ओले हात पँटला पुसत परत आला.

"मनोहर, कुठे गेला होतास?" पाळकसाहेबांनी विचारलं. रागाने नाही, पण दुखावून.

मनोहरने माझ्याकडे पाहिलं. एवढं एकदाच पाहिलं. मग म्हणाला, "जरा बाहेर."

"प्रार्थनेतून? आजाऱ्याच्या खाटेपासून?" आवळे म्हणाले. "साखळी तुटली की हो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नियम माझा होता, आजारी मी होतो, शब्द माझा हवा होता. मी म्हणालो, "असू द्या, पाळकसाहेब. चुकतो माणूस. त्याला क्षमा करा."

बहिणींचे डोळे पाणावले. पाळकसाहेबांनी माझा खांदा दाबला. मनोहरने पिशवीतली केळी काढून टेबलावर ठेवली आणि तो सगळ्यांच्या मागून निघून गेला.

वॉर्ड रिकामा झाल्यावर मी उखाजींना म्हणालो, "भांडं देता का?" शहाळी दोन होती.

उखाजी छताकडे बघत होते. "देस ना," ते म्हणाले. "पहिले परार्थना करूत."

पंख्याकडे बघताना आठवणाऱ्या त्या माणसाबद्दल मी उखाजींशी कधीच बोललो नव्हतो.

थोडं थांबू

पुढे पाळकसाहेब एकटे आले. वर्षअखेरीला दीकनाची निवड होती आणि त्यांच्या मनात मनोहर होता. "माणूस कष्टाळू आहे," ते म्हणाले, "पण त्या दिवशीचं लोक बोलतात. आजाऱ्याला सोडून गेला म्हणतात. तुमचं काय मत? तुमच्याच खाटेपाशी घडलं."

मी विचार केला. मनोहर निवडला जाणार म्हटलं की कोणीतरी तो रविवार काढणार, त्याला पुन्हा विचारणार, आणि कधी ना कधी भांडं बाहेर येणार. त्यातून माझी क्षमाही बाहेर येणार. भांड्यापेक्षा मला त्या क्षमेची जास्त लाज होती.

मी म्हणालो, "थोडं थांबू."

आवळे दीकन झाले. मला पेढा मिळाला. मी खाल्ला.

रात्रपाळी

मनोहर मात्र येत राहिला. रविवारी सकाळी इच्छापोरहून रात्रपाळी करून सरळ दवाखान्यात, मंडळी यायच्या खूप आधी. भांडं द्यायचा, पुसायचा, नखं कापायचा. माझ्या पायाची नखं मलाच दिसत नव्हती. त्याने दाखवली तेव्हा मी दचकलो. शीला तेवढ्या वेळात खाली जाऊन चहा प्यायची. तो चहा तिला फार गरजेचा होता हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

एकदा मी विचारलं, "मनोहर, तू प्रार्थनेत डोळे का मिटत नाहीस?"

त्याने आधी हातातलं नख कापून संपवलं. मग म्हणाला, "मिटले की झोप लागते, साहेब. रात्रपाळी असते. एकदा उभ्याउभ्या पडलो होतो, कडाप्प्यावर. दात हलला."

"आणि नुसतं आमेनच का म्हणतोस?"

"बाकीचं तुम्ही लोक बोललेलं असता की."

मी त्या दिवशी त्याला सांगून टाकलं. मंडळीत खरं सांगतो, उभं राहता आलं की पहिल्यांदा तेच सांगतो. मला वाटलं त्याला बरं वाटेल. तो घाबरला.

"नका हो साहेब. मला दीकन करतील. मग दर रविवारी माइकवर प्रार्थना करायला लावतील. त्यापेक्षा आहे ते बरंय."

एवढं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. त्याने स्वतःच नको म्हटलं होतं. हा त्याचा शब्द मी पुढे पुष्कळ वापरला.

भांडेवाले साहेब

पाय परत आले. आधी डाव्या अंगठ्याला मुंग्या आल्या, मी ओरडलो, उखाजींनी रांगेला बातमी दिली. कमरेला चामड्याचा पट्टा बांधून मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा एका बाजूला शीला होती, दुसऱ्या बाजूला मनोहर, आणि पायांत दोन्ही चपला. संडासापर्यंत चालत गेलो. आत कोणाला येऊ दिलं नाही. बाहेर येऊन शीलाला म्हणालो, "झालं." ती रडायला लागली. या गोष्टीवर बायको आनंदाने रडेल असं लग्नात कोणी सांगत नाही.

पुन्हा भेटींचं खातं हाती घेतलं, तेव्हा पहिल्याच खाटेवर मी हात खरोखर ठेवला. डोकं तेलकट होतं, तापलेलं होतं. तो आजारी माणूस म्हणाला, "काका, हात काढा, डोकं ठणकतंय." मी काढला. म्हणालो, "बरं, भांडं देऊ?"

"द्या," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर जो सुटकेचा भाव आला, तो माझ्या कुठल्याही आमेनने कोणाच्या तोंडावर आलेला मी पाहिला नव्हता.

तेव्हापासून मी आधी भांडं विचारतो. काहींना ते नको असतं, पाणी हवं असतं, उशी फिरवून हवी असते, बाहेरच्या बूथवरून गावी फोन करून हवा असतो. प्रार्थनेला वेळ उरला तर करतो. उरला नाही तर आमेन म्हणतो. अजून किळस येते. हात अजून साबणाने धुतो. आता निदान धुण्यासारखं काही असतं. वॉर्डात मला भांडेवाले साहेब म्हणतात आणि तेवढं मला आवडतं, हे लपवत नाही.

पण मग पाळकसाहेबांनी पवित्र गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्यावर उपदेश करताना, माझं उदाहरण दिलं. मंडळीचा वडील असून हा माणूस आजाऱ्यांची भांडी उचलतो, म्हणाले. सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. आवळ्यांनी मान डोलावली. शीलाचा चेहरा फुलला होता. मी नम्रपणे खाली बघितलं. नम्रपणे खाली बघायची मला फार जुनी सवय आहे. खाली बघितलं तेव्हा माझे पाय दिसले, दोन्ही चपलांत. आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर मनोहर होता, डोळे उघडे ठेवून जागा राहत.

ज्या कामासाठी मी कौतुक घेतलं, त्याच कामासाठी त्याने बोल खाल्ले होते.

बाकी

मनोहरने नको म्हटलं होतं, हे मी मनाशी घोळवत राहिलो. मग नाताळात त्याच्या बायकोने, सुमनने, आमच्याकडे करंज्या तळताना शीलाला सहज सांगितलं, "ह्यांना अजून लोक विचारतात, वहिनी, आजाऱ्याला सोडून का गेला होतास म्हणून. आमच्या पोरीला रविवारच्या शब्बाथशाळेत कोणी तरी चिडवलं. हे काही बोलत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, जरा बाहेर गेलो होतो." मग तिने झारा आपटून तेल निथळवलं आणि विचारलं, "खरं सांगा वहिनी, तुमच्या साहेबांना तेव्हा फार वाईट वाटलं का हो?"

शीला म्हणाली, "छे गं, ह्यांनी तर लगेच क्षमा केली."

मी बाहेरच्या खोलीत होतो. उठून आत जायला चार पावलं होती, आणि पाय आता धड होते. गेलो नाही.

मनोहरला माइकची भीती वाटते हे खरं आहे. त्याला दीकन करा असं मी म्हणणार नाही, ते त्याचं त्याने ठरवावं. पण त्याच्या मुलीला उत्तर हवं आहे, आणि ते उत्तर तिच्या बापाने द्यायचं नाही, मी द्यायचं आहे. लिहिणं सोपं गेलं, कारण लिहिताना कोणी माझ्याकडे वळून बघत नाही. मंडळीसमोर उभं राहून सांगायचं ते असं: मनोहर त्या रविवारी प्रार्थना सोडून गेला नव्हता. तो माझं भांडं रिकामं करायला गेला होता. मी त्याला क्षमा केली, आणि क्षमा मला मागायची होती.

हे मी अजून सांगितलेलं नाही. एवढं माझ्याकडे बाकी आहे.